विल्यम लिअर

विल्यम पॉवेल लिअर (जन्म : २६ जून १९०२, हॅनिबल, मिसूरी, मृत्यू : १४ मे १९७८, रीनो, नेवाडा) हे अमेरिकन संशोधक, वैमानिक आणि उद्योजक होते. बिल लिअर या नावाने ते अधिक ओळखले जात. लिअरजेट या लहान जेट विमानाचे जनक म्हणून त्यांची जगभर ख्याती आहे. मोटारीतील रेडिओ, विमानांसाठीचे रेडिओ दिशाशोधक, जेट लढाऊ विमानांचा ऑटोपायलट आणि आठ पथांची ध्वनिफीत यांच्या विकासातही त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. त्यांचे औपचारिक शिक्षण आठव्या इयत्तेपलीकडे फारसे गेले नाही; तरीही त्यांच्या नावावर शंभराहून अधिक एकस्वे नोंदली गेली. खासगी हवाई वाहतुकीचा आज दिसणारा व्यवसाय ज्या विमानांमुळे उभा राहिला, त्यांत लिअरजेट २३ या विमानाचे स्थान अग्रभागी आहे.

बालपण आणि शिक्षण

लिअर यांचा जन्म मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल या गावी झाला. मार्क ट्वेन यांचे बालपण याच गावात गेले होते. लिअर लहान असतानाच त्यांचे आईवडील विभक्त झाले आणि आई त्यांना घेऊन शिकागो येथे राहू लागली. तेथे तिने दुसरा विवाह केला. घरातील वातावरण सुखाचे नव्हते आणि आईचा स्वभाव अतिशय कडक होता. त्यामुळे विजेची उपकरणे, बिनतारी संदेशयंत्रे आणि वाचनालयातील तांत्रिक पुस्तके यांतच मुलाचे मन रमत असे. आठवीनंतर ते थोडेच दिवस माध्यमिक शाळेत गेले आणि मग त्यांनी शिक्षण सोडून दिले.

सोळाव्या वर्षी घर सोडून ते अमेरिकेच्या नौदलात दाखल झाले. पहिले महायुद्ध संपत आलेले असल्याने त्यांना प्रत्यक्ष युद्धात भाग घ्यावा लागला नाही, मात्र शिकागोजवळील ग्रेट लेक्स प्रशिक्षण केंद्रात त्यांचा रेडिओ तंत्राशी जवळून संबंध आला. सैन्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी विमानतळावर मिळेल ते काम केले. रेडिओ आणि विमान या दोन विषयांची गाठ त्यांच्या मनात याच काळात पडली. पुढील साठ वर्षांतील त्यांचे बहुतेक संशोधन या दोहोंच्या सांध्यावर झालेले दिसते.

रेडिओ व्यवसाय

१९२२ च्या सुमारास लिअर यांनी इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे रेडिओ दुरुस्तीचा आणि जुळणीचा व्यवसाय सुरू केला. त्या वेळी घरगुती रेडिओ जड बॅटऱ्यांवर चालत. या बॅटऱ्या वारंवार बदलाव्या लागत आणि खर्चही बराच येई. घरातील विजेवर रेडिओ चालवता यावा यासाठी बॅटरीची जागा घेणारे उपकरण तयार करण्याच्या कामात शिकागोमधील ज्या तरुण तंत्रज्ञांनी भाग घेतला, त्यांत लिअर होते. त्यांनी रेडिओची तारवेटोळीही लहान केली. अनेक बारीक पदरी तारा पिळून बनवलेल्या दोरीसारख्या तारेमुळे वेटोळ्याचा आकार घटला, आणि लहानशा जागेत बसणारा रेडिओ शक्य झाला.

या लहान वेटोळ्यांचा उपयोग मोटारीतील रेडिओसाठी झाला. शिकागोमधील उद्योजक पॉल गॅल्विन यांची कंपनी मंदीच्या तडाख्यात सापडली होती आणि त्यांना नव्या उत्पादनाची निकड होती. मोटारीत रेडिओ बसवण्यात अनेक अडचणी होत्या. इंजिनच्या ठिणग्यांमुळे आवाजात खरखर येई, मोटारीची बॅटरी अपुरी पडे आणि धक्क्यांमुळे नाजूक भाग निखळत. लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांनी गॅल्विन यांच्यासह या अडचणींवर उपाय शोधले. १९३० मध्ये गॅल्विन यांनी आपल्या मोटारीत बसवलेला रेडिओ अटलांटिक सिटी येथील रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनात नेऊन दाखवला. या रेडिओला मोटोरोला हे नाव देण्यात आले. पुढे संपूर्ण कंपनी याच नावाने प्रसिद्ध झाली. मात्र लिअर या व्यवसायात फार काळ राहिले नाहीत. एखादी वस्तू चालू लागली की तिच्यातील रस संपून पुढच्या कल्पनेकडे वळायचे, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष येथे प्रथम ठळकपणे दिसतो.

विमानविद्येकडे

१९३१ मध्ये लिअर यांनी फ्लीट बनावटीचे एक लहान द्विपंखी विमान विकत घेतले. त्या काळातील खासगी वैमानिकाकडे मार्ग शोधण्याची साधने जवळजवळ नव्हतीच. नकाशा, होकायंत्र, खाली दिसणारे लोहमार्ग आणि नद्या यांवरच त्याची भिस्त असे. ढग किंवा अंधार आला की वाट चुकणे ही नित्याची गोष्ट होती. स्वतः विमान चालवू लागताच ही उणीव लिअर यांच्या ध्यानात आली. वैमानिकाला उपयोगी पडेल असा रेडिओ आणि रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारे यंत्र बनवणे हे त्यांचे मुख्य काम झाले. लिअरोस्कोप या नावाने त्यांनी बाजारात आणलेला दिशाशोधक वैमानिकांमध्ये लोकप्रिय झाला.

तथापि विमानांच्या उपकरणांचा बाजार अजून लहान होता आणि लिअर कर्जात बुडाले होते. १९३४ मध्ये त्यांनी अनेक कंप्रतापट्ट्यांवर चालणाऱ्या रेडिओ ग्राहकासाठी नवा आराखडा तयार केला आणि त्याचे हक्क आरसीए या मोठ्या कंपनीस विकले. या व्यवहारातून मिळालेल्या पैशांनी त्यांची कर्जे फिटली आणि विमान-उपकरणांचे काम पुढे नेण्यास भांडवल मिळाले.

लिअर कंपनी आणि ऑटोपायलट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिअर यांच्या कंपनीचा मोठा विस्तार झाला. ओहायो राज्यातील पिक्वा येथील कारखान्यात लष्करी विमानांसाठी लहान विद्युत मोटारी, झडपा हलवणारी यंत्रे आणि नियंत्रण उपकरणे मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. युद्ध संपताच मागणी घटली. तेव्हा कंपनीने मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे विमानांच्या नियंत्रण-उपकरणांवर लक्ष केंद्रित केले.

जेट लढाऊ विमानांसाठी हलक्या ऑटोपायलटची गरज होती. बॉम्बफेकी विमानांत वापरले जाणारे जुने ऑटोपायलट आकाराने मोठे आणि वजनदार होते. लढाऊ विमानाच्या अरुंद अंतर्भागात त्यांना जागा नव्हती. लिअर यांच्या कंपनीने एफ-५ हा लहान ऑटोपायलट विकसित केला. त्यास जोडलेल्या यंत्रणेमुळे दृश्यमानता कमी असतानाही विमान धावपट्टीच्या रोखाने आणता येऊ लागले. या कार्याबद्दल लिअर यांना १९४९ सालचा कॉलिअर करंडक देण्यात आला. अमेरिकन विमानविद्येतील हा सर्वोच्च सन्मानांपैकी एक असून राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या हस्ते तो त्यांना प्रदान झाला.

१९५६ मध्ये शीतयुद्ध ऐन भरात असताना लिअर आपल्या दोन इंजिनांच्या सेसना ३१० विमानातून मॉस्कोला गेले. खासगी अमेरिकन वैमानिकाने सोव्हिएत संघाच्या राजधानीपर्यंत स्वतःचे विमान नेणे ही त्या काळी अत्यंत असाधारण घटना होती.

व्यावसायिक जेटची कल्पना

१९५० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांच्या प्रवासासाठी मुख्यतः युद्धकाळातील जुनी प्रवासी किंवा बॉम्बफेकी विमाने दुरुस्त करून वापरत. लिअर यांनीही लॉकहीड लोडस्टार या विमानात सुधारणा करून लिअरस्टार नावाचे वेगवान विमान तयार केले आणि ते कंपन्यांना विकले. या अनुभवातून त्यांच्या लक्षात आले की, उद्योगपतीला विमानाच्या ऐसपैस दालनापेक्षा वेळेची बचत अधिक मोलाची वाटते. अधिकाऱ्यास त्वरेने इष्ट स्थळी पोहोचवून त्याच दिवशी परत आणणारे लहान जेट विमान मोठ्या संख्येने विकले जाईल, असा त्यांचा कयास होता.

हा विचार त्या वेळी सर्वमान्य नव्हता. लॉकहीड जेटस्टारचे पहिले उड्डाण १९५७ मध्ये आणि नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या सेबरलायनरचे १९५८ मध्ये झाले होते. ही दोन्ही विमाने मुख्यतः अमेरिकन हवाई दलाची गरज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली होती. ती जड, महाग आणि इंधनखाऊ होती. सैन्याच्या मागणीचा आधार न घेता, केवळ खासगी ग्राहकांच्या भरवशावर जेट विमान बांधणे ही लिअर यांच्या संचालक मंडळाला जोखीम वाटली. मंडळाने या योजनेत पैसा गुंतवण्यास नकार दिला. तेव्हा लिअर यांनी १९६२ मध्ये कंपनीतील आपला हिस्सा सीगलर कंपनीस विकला आणि त्यातून मिळालेली रक्कम नव्या विमानात घातली. स्वतः उभारलेल्या कंपनीवरचा हक्क त्यांनी साठीच्या उंबरठ्यावर सोडून दिला.

स्वित्झर्लंडमधील प्रयत्न

विमानाच्या आराखड्यासाठी लिअर यांचे लक्ष स्वित्झर्लंडमधील पी-१६ या लढाऊ विमानाकडे गेले. आल्टनऱ्हाइन येथील एफएफए कंपनीने ते तयार केले होते. स्विस सरकारने या विमानांची १०० नगांची मागणी नोंदवली होती, परंतु १९५८ मधील अपघातानंतर ती रद्द केली. या विमानाचे पंख आखूड, पातळ आणि मजबूत होते. आल्प्स पर्वतातील छोट्या धावपट्ट्यांवरून उडण्यासाठी ते बनवलेले होते. पी-१६ चे रचनाकार हान्स-लुत्सियस स्टुडर यांचे सहकार्यही लिअर यांना मिळाले.

१९६० मध्ये लिअर यांनी स्वित्झर्लंडमध्ये स्विस अमेरिकन एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली आणि ते सहकुटुंब तेथे राहू लागले. नव्या विमानाच्या पंखांवर पी-१६ चा प्रभाव होता. मात्र विमानाचा मुख्य सांगाडा, इंजिने आणि शेपटी यांची मांडणी पूर्णतः वेगळी होती. त्यामुळे लिअरजेट म्हणजे लढाऊ विमानाचीच सुधारित आवृत्ती होय, हा प्रचलित समज अर्धसत्य ठरतो. विविध युरोपीय पुरवठादारांकडून भाग मिळवण्यास होणारा विलंब आणि कामाची संथ गती यांना कंटाळून लिअर यांनी १९६२ मध्ये संपूर्ण प्रकल्प अमेरिकेत हलवला.

विचिटा आणि लिअरजेट २३

कॅन्सस राज्यातील विचिटा येथे सेसना, बीचक्राफ्ट आणि बोइंग यांचे कारखाने असल्याने कुशल कामगार सहज उपलब्ध होते. शहरानेही रोख्यांद्वारे कारखान्यास आर्थिक साह्य केले. लिअर यांनी येथे एक धाडसी निर्णय घेतला. विमान-उद्योगात प्रथम हाताने एखादे नमुना विमान बांधून त्याच्या चाचण्या घेत आणि मग उत्पादनाची हत्यारे व साचे तयार करीत. लिअर यांनी पहिले विमानच उत्पादनाच्या साच्यांवर बांधले. त्यामुळे बराच वेळ आणि पैसा वाचला. मात्र आराखड्यात मोठी चूक निघाली असती, तर सर्व साचे वाया गेले असते.

लिअरजेट २३ चे पहिले उड्डाण ७ ऑक्टोबर १९६३ रोजी झाले. हँक बेअर्ड आणि बॉब हेगन हे चाचणी वैमानिक विमान चालवत होते. विमानाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंस जनरल इलेक्ट्रिक कंपनीची सीजे६१० इंजिने बसवलेली होती. ही इंजिने लष्करी जे८५ इंजिनांची नागरी आवृत्ती असून तीच मूळ इंजिने टी-३८ या प्रशिक्षण विमानात वापरली जात. पंखांच्या टोकांवर इंधनाच्या टाक्या होत्या. विमानाचे कमाल उड्डाण-वजन १२,४९९ पौंड, म्हणजे सुमारे ५,६७० किलोग्रॅम ठेवण्यात आले होते. या आकड्याचे कारण कायद्यात होते. १२,५०० पौंडांपर्यंतच्या विमानांना लहान विमानांचे नियम लागू होत आणि त्यांचे प्रमाणीकरण प्रवासी विमानांच्या तुलनेत सोपे व स्वस्त असे. मर्यादेहून एकाच पौंडाने कमी असलेले हे वजन लिअर यांच्या व्यवहारचातुर्याचे उदाहरण म्हणून दिले जाते.

४ जून १९६४ रोजी प्रमाणीकरणाच्या चाचण्या चालू असताना पहिले विमान कोसळले. सरकारी चाचणी वैमानिकाने एक इंजिन बंद पडल्याची नक्कल करीत उड्डाण केले तेव्हा पंखांवरील स्पॉइलर उघडे राहिले होते. विमान शेतात उतरवावे लागले. आतील कर्मचारी सुखरूप बाहेर पडले, परंतु विमान आगीत नष्ट झाले. यात विमानाच्या रचनेचा दोष नसल्याचे स्पष्ट झाले आणि विम्याची रक्कम पैशांच्या चणचणीत असलेल्या कंपनीच्या उपयोगी पडली. दुसऱ्या विमानावर चाचण्या पूर्ण होऊन ३१ जुलै १९६४ रोजी लिअरजेट २३ ला प्रमाणपत्र मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथील एका औद्योगिक कंपनीस पहिले विमान सुपूर्द करण्यात आले.

समकालीन विमानांशी तुलना

१९६० च्या दशकाच्या मध्यास एखाद्या कंपनीच्या मुख्य वैमानिकास जेट विमान निवडायचे झाल्यास त्याच्यापुढे सहा प्रमुख पर्याय होते. जेटस्टार आणि सेबरलायनर यांच्याशिवाय १९६२ मध्ये उडालेले ब्रिटिश डीएच-१२५, १९६३ मधील अमेरिकन जेट कमांडर, त्याच वर्षीचे फ्रान्समधील दासो कंपनीचे मिस्तेर २० (पुढे फाल्कन २०) आणि लिअरजेट ही ती विमाने होत. या निवडीत वैमानिक सामान्यतः वेग, चढण्याची क्षमता, एका दमात कापता येणारे अंतर, लागणारी धावपट्टी, देखभालीचा खर्च आणि प्रवाशांची सोय यांचा विचार करीत. सर्व कसोट्यांवर सरस ठरेल असे एकही विमान नव्हते.

चढण्याच्या वेगात लिअरजेट २३ सर्वांत पुढे होते. जेट कमांडरमध्येही सीजे६१० इंजिनेच होती, परंतु ते विमान बरेच जड असल्याने त्यास ही चपळाई साधली नाही. जुन्या जेट इंजिनांना कमी उंचीवर फार इंधन लागे. त्यामुळे लवकर वर चढून चाळीस हजार फुटांच्या आसपास विरळ हवेत उडणे हे वैमानिकांच्या दृष्टीने काटकसरीचे ठरे. शिवाय तेथे वाहतूक जवळजवळ नसे आणि बहुतेक वादळी ढग खाली राहत. किंमतही स्पर्धक विमानांपेक्षा बरीच कमी होती.

याच्या उलट बाजूही होत्या. लिअरजेटच्या दालनाची उंची जेमतेम सव्वाचार फूट होती. प्रवाशांना वाकून आत शिरावे लागे आणि उभे राहणे अशक्य होते. जेटस्टारमध्ये मधली वाट खोल केलेली असल्याने उंच माणूसही ताठ उभा राहू शके. फाल्कन २० आणि डीएच-१२५ मध्येही जागा अधिक होती. पॅन अमेरिकन या विमानकंपनीने आपल्या व्यावसायिक जेट विभागासाठी चार्ल्स लिंडबर्ग यांच्या सहभागाने पाहणी केली, तेव्हा तिने १९६३ मध्ये फाल्कन २० ची निवड केली. उद्योगपती मोटारीत जसा बसून प्रवास करतो तसाच विमानातही करेल, तेव्हा उभे राहण्याच्या जागेसाठी वेग आणि इंधन यांचा बळी देण्याचे कारण नाही, अशी लिअर यांची भूमिका होती.

लिअरजेटचा मोठा ग्राहक म्हणून ओहायो राज्यातील कोलंबस येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन या कंपनीचा उल्लेख करावा लागतो. विमान विकत न घेता जेटचा प्रवास विकत घेता यावा, ही तिची कल्पना होती. या कंपनीने आरंभीचा ताफा लिअरजेट २३ विमानांचाच उभारला. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक पॉल टिबेट्स पुढे या कंपनीत दाखल झाले आणि तिचे अध्यक्षही झाले. हीच कंपनी आज नेटजेट्स या नावाने ओळखली जाते. गायक फ्रँक सिनात्रा यांनी १९६५ मध्ये लिअरजेट घेतल्यानंतर हे विमान चित्रपट आणि संगीत व्यवसायातील प्रतिष्ठेचे चिन्ह बनले.

विक्रम, अपघात आणि कंपनीची विक्री

२१ मे १९६५ रोजी एका लिअरजेटने लॉस एंजेलिस ते न्यू यॉर्क आणि परत हा प्रवास एकाच दिवसात, थांबा धरून ११ तास ३६ मिनिटांत पूर्ण केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सात जणांसह ४०,००० फूट उंची ७ मिनिटे २१ सेकंदांत गाठण्यात आली. मे १९६६ मध्ये लिअरजेट २४ या सुधारित विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

परंतु याच काळात लिअरजेट २३ ला अनेक अपघात झाले आणि त्यांचे प्रमाण चिंताजनक होते. लहान पंखांमुळे उतरतानाचा वेग जास्त असे. मोठ्या उंचीवर अतिवेग आणि अपुरा वेग यांतील अंतर कमी होत जाई आणि तेथे वैमानिकाची थोडीही चूक महाग पडे. पंख्याच्या विमानांवर हजारो तास उड्डाण केलेल्या अनेक वैमानिकांना जेटचा सराव नव्हता. लढाऊ विमानासारखी चपळाई हे लिअरजेटचे बलस्थान होते. अननुभवी हातात तीच धोक्याची ठरली. कालांतराने सुधारित नमुने, नियंत्रणातील बदल आणि वैमानिकांचे कसून प्रशिक्षण यांमुळे परिस्थिती सुधारली. जेट विमान चालवण्यासाठी स्वतंत्र आणि सखोल प्रशिक्षण आवश्यक आहे, ही जाणीव खासगी हवाई क्षेत्रात रुजण्यास हे अपघात कारणीभूत ठरले.

अपघातांचा आणि मंदीचा विक्रीवर परिणाम झाला. लिअर यांनी हेलिकॉप्टर आणि मोठ्या विमानांच्या योजनाही हाती घेतल्या होत्या; त्यामुळे कंपनीवर कर्जाचा बोजा वाढला. १९६७ मध्ये त्यांनी कंपनीतील आपला हिस्सा डेन्व्हर येथील गेट्स रबर कंपनीस विकला. लिअरजेटचे उत्पादन विचिटा येथेच चालू राहिले, पण लिअर यांचा त्याच्याशी असलेला संबंध लवकरच संपला.

आठ पथांची ध्वनिफीत

विमानाचे काम चालू असतानाच लिअर यांनी मोटारीत संगीत ऐकण्यासाठी आठ पथांच्या ध्वनिफितीची पेटी विकसित केली. अर्ल मंट्झ यांची चार पथांची फीत आधीपासून बाजारात होती. लिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात बदल करून एकाच फितीवर दुप्पट संगीत साठवण्याची सोय केली आणि पेटीची रचना सोपी केली. फोर्ड कंपनीने १९६६ च्या नमुन्यांपासून आपल्या मोटारींत ही यंत्रणा देऊ केली. कॅसेटचा प्रसार होईपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, ती अमेरिकेत अतिशय लोकप्रिय होती. फीत अडकणे आणि गाणे मध्येच तुटणे हे तिचे दोष मात्र शेवटपर्यंत कायम राहिले.

वाफेवरची वाहने

लिअरजेट विकल्यानंतर लिअर नेवाडा राज्यातील रीनो येथे स्थायिक झाले. कॅलिफोर्नियातील मोटारींच्या धुराचा प्रश्न तेव्हा गाजत होता. लिअर यांनी वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या मोटारी आणि बस बनवण्याचा संकल्प केला आणि त्यासाठी १९६८ मध्ये मोठी प्रयोगशाळा उभारली. पाण्याऐवजी वापरण्याच्या एका विशेष द्रवाची त्यांनी घोषणा केली. परंतु तो प्रयोग यशस्वी झाला नाही. त्यांची वाफेवरची बस १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे चाचणीसाठी रस्त्यावर धावली आणि तिचा धूर खरोखरच कमी होता. मात्र तिला लागणारे इंधन डिझेल बसपेक्षा कितीतरी जास्त होते. मोटार-कंपन्यांनी या तंत्रात रस घेतला नाही आणि लिअर यांच्या संपत्तीचा मोठा भाग या प्रयोगात खर्ची पडला.

चॅलेंजर आणि लिअर फॅन

वाफेच्या अपयशानंतर लिअर पुन्हा विमानांकडे वळले. नव्या पद्धतीचे पंख आणि टर्बोफॅन इंजिने असलेल्या, दूर पल्ल्याच्या लिअरस्टार ६०० या विमानाची कल्पना त्यांनी मांडली. कॅनडा सरकारच्या मालकीच्या कॅनडेअर कंपनीने १९७६ मध्ये तिचे हक्क घेतले. कॅनडेअरच्या अभियंत्यांनी विमानाचे दालन रुंद केले, वजन वाढवले आणि मूळ आराखडा जवळजवळ बदलून टाकला. अरुंद, हलक्या विमानाचा पुरस्कार करणाऱ्या लिअर यांना हे मुळीच रुचले नाही आणि त्यांनी या विमानावर उघडपणे टीका केली. बाजाराने मात्र रुंद दालनाच्या बाजूने कौल दिला. चॅलेंजर नावाने ते विमान दीर्घकाळ विकले गेले आणि त्यापासूनच पुढे सीआरजे ही प्रादेशिक प्रवासी विमाने विकसित झाली.

लिअर यांचा अखेरचा प्रकल्प लिअर फॅन २१०० हे विमान होते. त्याचा सांगाडा धातूऐवजी कार्बन तंतूंच्या संयुक्त पदार्थाचा होता आणि दोन टर्बाइन इंजिने शेपटीच्या टोकावरील एकच पंखा फिरवीत. जेटच्या जवळपास वेग आणि इंधनाची मोठी बचत, असा त्याचा उद्देश होता. विमान पूर्ण होण्याआधीच १४ मे १९७८ रोजी रक्ताच्या कर्करोगाने लिअर यांचे रीनो येथे निधन झाले. काम अर्धवट सोडू नये, अशी इच्छा त्यांनी मृत्यूपूर्वी पत्नीकडे व्यक्त केली होती. चॅलेंजरचे पहिले उड्डाण त्यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, ८ नोव्हेंबर १९७८ रोजी झाले.

मोया लिअर यांनी पतीच्या इच्छेनुसार लिअर फॅनचे काम पुढे नेले. ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्याने उत्तर आयर्लंडमध्ये कारखाना उभारण्यात आला. साहाय्याच्या अटीनुसार पहिले उड्डाण १९८० साल संपण्यापूर्वी होणे आवश्यक होते. तांत्रिक अडचणीमुळे ते १ जानेवारी १९८१ रोजी झाले, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याची नोंद ३२ डिसेंबर १९८० अशी केली. विमानास प्रमाणपत्र मिळू शकले नाही आणि १९८५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

व्यक्तिगत जीवन

लिअर यांचे चार विवाह झाले. चौथा विवाह १९४२ मध्ये रंगभूमीवरील विनोदी नट ओल ओल्सन यांच्या कन्या मोया यांच्याशी झाला आणि तो अखेरपर्यंत टिकला. त्यांना एकूण सात अपत्ये होती. लिअर अत्यंत परिश्रमी, उतावळे आणि हट्टी स्वभावाचे होते. कर्मचाऱ्यांना रात्री-अपरात्री बोलावणे, मनासारखे काम न झाल्यास संतापणे आणि दुसऱ्या दिवशी ते विसरून जाणे, अशी त्यांची रीत होती. मोया लिअर यांचे २००१ मध्ये निधन झाले.

मूल्यमापन आणि वारसा

लिअर यांच्या अनेक शोधांचे श्रेय एकट्या त्यांना देता येत नाही. मोटारीतील रेडिओ, ध्वनिफीत आणि लिअरजेट या तिन्हींत आधीच्या संशोधकांचे व सहकाऱ्यांचे मोठे योगदान होते. इतरांनी अर्धवट सोडलेली कल्पना हेरणे, ती सुटसुटीत करणे आणि तिच्यासाठी स्वतःचे सर्वस्व पणाला लावणे, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. याच वृत्तीमुळे लिअरजेट यशस्वी झाले आणि वाफेच्या बसमध्ये त्यांची संपत्ती बुडाली.

१९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विमानविद्या सन्मानदालनात आणि १९९३ मध्ये राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात त्यांचा समावेश करण्यात आला. कॅनडातील बोम्बार्डिए कंपनीने १९८६ मध्ये कॅनडेअर आणि १९९० मध्ये लिअरजेट विकत घेतली. अशा रीतीने लिअर यांनी स्वतः घडवलेले विमान आणि त्यांनी नाकारलेले विमान ही दोन्ही एकाच छत्राखाली आली. त्यांपैकी रुंद दालनाचे चॅलेंजर अधिक टिकले. बोम्बार्डिएने २०२१ मध्ये लिअरजेटचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि मार्च २०२२ मध्ये शेवटचे विमान ग्राहकास दिले. तोपर्यंत तीन हजारांहून अधिक लिअरजेट विमाने तयार झाली होती. अमेरिकेत अनेक वर्षे लिअरजेट हे नाव कोणत्याही खासगी जेट विमानासाठी सर्रास वापरले जात असे.